मंदीतलं कॉलेज: नोकरी गेल्यावर पुन्हा वर्गात बसताना

२००९ च्या फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातल्या एका गृहकर्ज देणाऱ्या कंपनीत मी हिशेब बघत होते. लेहमन ब्रदर्स बुडून पाच महिने झाले होते, नवी कर्जं जवळजवळ थांबली होती आणि आमच्या मजल्यावरची टेबलं एकेक करून रिकामी होत होती. पुढे मी घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं, कितीतरी सत्रं संध्याकाळचे वर्ग केले, सीपीएच्या (आपल्या सीएसारख्या, इथल्या परवानाधारक हिशेबनिसाच्या) परीक्षेला बसण्यासाठी कमी पडणारी युनिटं, म्हणजे वर्ग पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक, भरून काढली आणि २०१२ च्या उन्हाळ्यात परीक्षेचा शेवटचा भाग सुटला. या काळात महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत आणि फोनवर कितीतरी जणींनी विचारलं: 'आपली भारतातली डिग्री चालते का? वर्ग भरलेले असतात म्हणे, मग प्रवेश मिळाला कसा? पैसे किती लागले?' प्रत्येकीला तुकड्यातुकड्यांत सांगितलं, आता सगळं क्रमाने लिहिते. हे २०१२ च्या उन्हाळ्यापर्यंतचे नियम आहेत. त्यानंतर काही नियम बदलले आहेत, त्यामुळे आपल्या कॉलेजात विचारूनच पुढचं पाऊल टाका.

आधी कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही इथे येऊन बरीच वर्षं होईपर्यंत नीट माहीत नव्हतं. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये उच्च शिक्षणाचा एक मास्टर प्लॅन केला. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांतल्या वरच्या साडेबारा टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक-तृतीयांशांना स्टेट युनिव्हर्सिटी, आणि बाकी कुणालाही, म्हणजे अगदी कुणालाही, कम्युनिटी कॉलेज. मेरिट लिस्ट नाही, कट-ऑफ नाही. अठरा वर्षं पूर्ण असली की पुरे. १९८४ पर्यंत तर इथे राज्यातल्या विद्यार्थ्यांना युनिटची फीसुद्धा नव्हती. आपल्याकडे अकरावीपासून टक्क्यांच्या यादीत नाव शोधत वाढलेल्या मला ही कल्पनाच फार मोठी वाटली. पन्नाशीचा माणूस, तान्ह्या बाळाची आई, कारखान्यातून आलेला कामगार, सगळ्यांना एकच दार.

ज्या वर्षी मी त्या दाराशी पोचले, त्या वर्षी तिथे गर्दी उसळली होती. नोकरी गेली की माणूस शिकायला जातो, हे जगभर दिसतं. घरी बसून अर्ज पाठवण्यापेक्षा काहीतरी पदरात पडेल असं वाटतं. कॅलिफोर्नियातली अडचण अशी की कॉलेजांना पैसा देतं राज्य, आणि राज्याचं उत्पन्न मुख्यतः आयकरावर, त्यातही श्रीमंतांच्या शेअर बाजारातल्या नफ्यावर अवलंबून. मंदी आली की लोक कॉलेजकडे धावतात आणि नेमका तेव्हाच राज्याचा गल्ला रिकामा होतो. जुलै २००९ मध्ये तर राज्याने घेणेकऱ्यांना रोख रकमेऐवजी वचनचिठ्ठ्या दिल्या. राज्य प्रत्येक कॉलेजला ठरावीक विद्यार्थिसंख्येपर्यंतच पैसे देतं, त्यावर घेतलेला प्रत्येक विद्यार्थी कॉलेजने स्वतःच्या खिशातून शिकवायचा. त्या खिशालाच कात्री लागल्यावर वर्ग कमी झाले. २००९-१० मध्ये राज्यभर सुमारे १ लाख ४० हजार जणांना जागेअभावी परत जावं लागलं, असा कम्युनिटी कॉलेजांच्या चॅन्सेलर कार्यालयाचाच अंदाज होता.

हे सगळं मला नंतर कळलं. फेब्रुवारीत मी फक्त कागद गोळा करत होते.

माझं शिक्षण महाराष्ट्रातलं, बी.कॉम. आणि एम.कॉम. कॅलिफोर्नियात सीपीएच्या परीक्षेला बसायला तेव्हा बॅचलर्स डिग्री, शिवाय अकाउंटिंगची २४ आणि व्यवसायाशी संबंधित विषयांची २४ सेमिस्टर युनिटं लागत होती. आपल्या डिग्रीचं मूल्यमापन परीक्षा आणि परवाना बघणाऱ्या राज्याच्या अकाउंटन्सी बोर्डाने मान्य केलेल्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या: आपली तीन वर्षांची बी.कॉम. एकटी असेल, तर बऱ्याच मूल्यमापन संस्था तिला इथल्या चार वर्षांच्या डिग्रीइतकं धरत नाहीत. माझं एम.कॉम. जोडीला होतं म्हणून दोन्ही मिळून बॅचलर्सच्या बरोबरीचं ठरलं. सीए किंवा आयसीडब्ल्यूए केलेल्यांचा हिशेब आणखी वेगळा असतो. तेव्हा संस्थेला पैसे भरण्याआधी ईमेल करून विचारा.

मूल्यमापनासाठी विद्यापीठाकडून सीलबंद पाकिटात ट्रान्सक्रिप्ट लागतात. हे काम माझ्या धाकट्या भावाने केलं. गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, अर्ज, चलन, परीक्षा विभागाचा शिक्का आणि पाकिटाच्या जोडावर सही, असा तो सगळा प्रवास. 'ताई, साहेब रजेवर आहेत, सोमवारी या म्हणाले,' हे वाक्य मी त्या वसंतात अनेकदा ऐकलं. फेब्रुवारीत सुरू केलेलं काम मे महिन्यात पुरं झालं. मूल्यमापनाची फी, कुरिअर आणि विद्यापीठाचं शुल्क धरून अडीचशे डॉलरच्या आसपास खर्च आला. भारतात सुट्टीवर जाणार असाल तर नोकरी शाबूत असतानाच ट्रान्सक्रिप्टचे दोन-तीन जादा संच काढून आणा आणि पाकिटं फोडू नका.

अहवाल आला तेव्हा मन खट्टू झालं. व्यवसायाच्या विषयांची युनिटं बहुतेक भरली होती, अकाउंटिंगची बरीच कमी होती. अमेरिकन कर, ऑडिट, इंटरमीडिएट अकाउंटिंग, इथला व्यावसायिक कायदा यांतलं माझ्याकडे काहीच नव्हतं. पण आता निदान काय कमी आहे याची यादी हातात होती, आणि पुढचे सगळे निर्णय त्या एका कागदामुळे सोपे झाले.

याच काळात बेकारी भत्ता सुरू होता. कॅलिफोर्नियात तो आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर, आणि तेव्हा केंद्राच्या मदत योजनेतून वर २५. दर दोन आठवड्यांनी एक फॉर्म भरून पाठवायचा. त्यात एक प्रश्न असतो की तुम्ही शाळेत किंवा प्रशिक्षणाला जायला लागलात का. कॉलेज सुरू झाल्यावर मी 'हो' लिहिलं आणि आता भत्ता बंद होणार या भीतीने पोटात गोळा आला. फोनवरून मुलाखत झाली. वर्ग कधी असतात, त्या वेळेत नोकरी मिळाली तर वर्ग सोडाल का, नोकरी कशी शोधताय, एवढंच विचारलं. माझे वर्ग संध्याकाळचे होते आणि दिवसा मी कामासाठी मोकळी होते, त्यामुळे भत्ता चालू राहिला. दिवसाचं पूर्णवेळ शिक्षण करायचं असेल तर प्रशिक्षणाची वेगळी मंजुरी घ्यावी लागते आणि ती वर्ग सुरू होण्याआधी मागितलेली बरी. खोटं लिहू नका. नंतर पैसे परत मागतात, वर दंड लागतो.

जून २००९ मध्ये कॉलेजचा ऑनलाइन अर्ज भरला. तो फुकट असतो. त्यात कॅलिफोर्नियाचे रहिवासी आहात का, हा कळीचा प्रश्न. एक वर्षाहून अधिक वास्तव्य आणि इथेच राहण्याचा इरादा कागदांनी दाखवावा लागतो: कर भरल्याच्या प्रती, ड्रायव्हिंग लायसन्स, घराचा करार. रहिवासी ठरलात तर युनिटला जी फी, तिच्या कित्येक पट बाहेरच्यांना. माझं ग्रीन कार्ड झालं होतं म्हणून फार चौकशी झाली नाही. व्हिसावर असाल तर प्रवेश विभागातल्या खिडकीवर स्वतः जाऊन विचारा, कारण व्हिसाच्या प्रकारानुसार उत्तर बदलतं.

आर्थिक मदतीचंही इथेच सांगते. पेल ग्रँट ही केंद्राची मदत बॅचलर्स डिग्री असलेल्यांना मिळत नाही, आणि परदेशातली डिग्रीही त्यात धरतात. राज्याची फीमाफी मात्र डिग्री असलेल्यांनाही मिळू शकते. तिच्यासाठी तेव्हा आदल्या वर्षीचं कुटुंबाचं उत्पन्न बघत आणि त्यातल्या एका प्रकारात मर्यादा दारिद्र्यरेषेच्या दीडपट होती. आदल्या वर्षी माझा पगार चालू होता, नवऱ्याचाही होता, म्हणून आम्ही त्यात बसलो नाही. पण घरातल्या दोघांचीही नोकरी गेली असेल, तर मदत विभागाला बेकारी भत्त्याचं पत्र दाखवून परिस्थिती बदलल्याचं सांगा. मे २००९ मध्ये ओबामा सरकारने कॉलेजांना नेमकं हेच कळवलं होतं, की भत्त्यावर असलेल्यांचा जुना पगार धरून त्यांना नाकारू नका. हे विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही.

मग प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कोणत्या पातळीच्या वर्गात बसायचं ते ठरवणारी तेव्हाची परीक्षा. इंग्रजी आणि गणित, संगणकावर, फुकट. माझ्या आधीच्या डिग्रीमुळे इंग्रजीची अट सुटू शकते असं काउन्सेलरने सांगितलं, पण तिला भेटेपर्यंतच जुलै उजाडला. कॉलेजांच्या समुपदेशनाचा आणि नावनोंदणीच्या मदतीचा राज्याकडून येणारा निधी त्या वर्षी निम्म्याहून अधिक कापला गेला. माणसं कमी, रांग लांब. अपॉइंटमेंट आठवडेच्या आठवडे पुढची मिळायची. म्हणून काही तास 'ड्रॉप-इन'साठी ठेवलेले असत, सकाळी आठला दार उघडायच्या आधी जाऊन उभं राहिलं तर दुपारपर्यंत नंबर लागे. मी मूल्यमापनाचा अहवाल, सीपीए बोर्डाच्या अटींचा छापील कागद आणि माझे प्रश्न एका पानावर लिहून नेले होते. तिने पंधरा मिनिटांत चार सत्रांचा आराखडा काढून दिला. त्याला 'एज्युकेशन प्लॅन' म्हणतात. तो करून घ्याच. तेव्हा तो फक्त सोयीचा होता, २०१२ मध्ये मान्य झालेल्या नव्या धोरणात नावनोंदणीचा अग्रक्रम त्यावर ठरणार होता.

आणि नावनोंदणी. प्रत्येकाला एक तारीख-वेळ मिळते, त्याआधी संगणक तुम्हाला आत घेत नाही. ज्यांची युनिटं जास्त झाली आहेत ते जुने विद्यार्थी आधी, नवे शेवटी. माझी वेळ आली तोपर्यंत इंटरमीडिएट अकाउंटिंगचे दोन्ही सेक्शन भरलेले होते. करविषयक वर्गात जागा नव्हती. व्यावसायिक कायद्याच्या एका शनिवारच्या वर्गात एक जागा मिळाली, ती घेतली. बाकी दोन्ही ठिकाणी वेटलिस्टवर नाव घातलं. इंटरमीडिएटला माझा नंबर अकरावा होता.

फी तेव्हा युनिटला २० डॉलर दाखवत होती. २८ जुलैला राज्याचं सुधारित अंदाजपत्रक मंजूर झालं आणि फी २६ झाली. ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांना फरकाची बिलं आली. तीन युनिटांच्या वर्गाला १८ डॉलर म्हणजे माझ्यासाठी मोठी रक्कम नव्हती, पण माझ्याबरोबर वर्गात बसणाऱ्या काहींना ती होती, आणि बिल न भरल्यास नाव कमी होतं.

ऑगस्टच्या शेवटी सत्र सुरू झालं. वेटलिस्टवर असाल तर पहिल्या तासाला हजर राहायचंच, ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. ज्यांची नावं पक्की आहेत त्यांच्यातले काही येत नाहीत, त्यांची नावं कमी होतात आणि त्या जागा खोलीत उभ्या असलेल्यांना मिळतात. मी अर्धा तास आधी पोचले तरी खुर्च्या भरल्या होत्या. भिंतीला टेकून, जमिनीवर, दाराबाहेर माणसं. बहुतेक जण माझ्या वयाचे किंवा मोठे. एकाच्या अंगावर अजून कामाचा गणवेश होता. साडीत वाढलेली, चाळिशीच्या उंबरठ्यावरची मी तिथे वेगळी दिसेन असं वाटत होतं, पण त्या खोलीत कुणीच वेगळं नव्हतं.

शिक्षकांनी हजेरी घेतली. गैरहजर नावांवर रेघ मारली. मग म्हणाले, 'खोलीची अग्निशमनाची मर्यादा चाळीस आहे, तिच्यापुढे मला एकही खुर्ची वाढवता येत नाही. डीनने सांगितलंय की जादा घेऊ नका. तरी बघतो.' वेटलिस्टच्या क्रमाने नावं पुकारत एकेक चिठ्ठी देत गेले. तिच्यावर एक आकडा असतो, त्याला 'अ‍ॅड कोड' म्हणतात. तो घरी जाऊन संगणकावर घातला की नाव पक्कं. आठव्या नावाला चिठ्ठ्या संपल्या. मी तरी बसून राहिले. ते म्हणाले, 'पुढच्या तासालाही या, गृहपाठ करून या.' मी आले, गृहपाठ दिला, पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. पहिल्या परीक्षेला घाबरून काही जण सोडतात हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी, त्यांनी मला चिठ्ठी दिली. कोड वापरायची मुदत पाळा. ती रात्री बाराला संपते आणि त्यानंतर शिक्षकालाही काही करता येत नाही.

करविषयक वर्गात मात्र जागा मिळाली नाही. तिथल्या बाईंनी उरलेल्या खुर्च्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझं नाव निघालं नाही. शिक्षक कोणती पद्धत वापरणार हे त्यांना आधी ईमेल करून विचारता येतं, हे मला पुढच्या सत्रात कळलं.

कॉलेज या गर्दीला कसं सामोरं गेलं, ते मी आतून पाहिलं. सुरुवातीच्या अकाउंटिंगचे छोटे सेक्शन एकत्र करून मोठ्या सभागृहात एकच वर्ग भरवला. काही वर्ग अर्धे ऑनलाइन केले, म्हणजे आठवड्यातून एकच संध्याकाळ खोली लागे आणि त्याच खोलीत दुसऱ्या संध्याकाळी दुसरा वर्ग बसे. पहाटे सातचे, शुक्रवार रात्रीचे, शनिवारचे वर्ग निघाले. सत्र अर्ध्यावर आल्यावर सुरू होणारे आठ आणि बारा आठवड्यांचे वर्ग ठेवले, की जागा न मिळालेल्यांचं अख्खं सत्र वाया जाऊ नये. तिकडे बॉस्टनच्या बंकर हिल कम्युनिटी कॉलेजने त्याच वर्षी मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होऊन पहाटे अडीचला सुटणारे वर्ग काढले, आणि तेही भरले. हे वाचून मला फार बरं वाटलं. गर्दीला दार न लावता घड्याळच वाढवायचं सुचलेली माणसं होती ती.

पण या सगळ्याची किंमत होती आणि ती सांगायलाच हवी. सभागृहातल्या वर्गात प्रश्न विचारायला हात वर केला तर दिसायचा नाही. ऑनलाइन वर्गांत सोडून जाणारे जास्त असायचे, विशेषतः ज्यांना संगणकाची सवय नव्हती असे कारखान्यातले लोक. आणि एका सत्राच्या करारावर शिकवणारे अर्धवेळ शिक्षक सगळ्यांत आधी गेले. व्यावसायिक कायदा शिकवणारे आमचे सर तीन कॉलेजांत गाडीने फिरून शिकवत, त्यातल्या दोन ठिकाणचे वर्ग वसंत सत्रात बंद झाले. मागणी वाढली असताना शिकवणाऱ्याला घरी पाठवणं मला आजही पटत नाही.

कारखान्यातले लोक म्हटलं ते फ्रीमॉन्टच्या न्युमीचे. जनरल मोटर्स आणि टोयोटाचा तो एकत्र कारखाना. ऑगस्ट २००९ मध्ये टोयोटाने तो बंद करायचं जाहीर केलं आणि १ एप्रिल २०१० ला शेवटची गाडी बाहेर पडली. सुमारे ४,७०० कामगार. त्यांच्यातले काही आमच्या वर्गात आले. परदेशी स्पर्धेमुळे नोकरी गेलेल्यांसाठी तेव्हा केंद्राची एक योजना होती, ती पुन्हा शिकण्याचा खर्च देई, पण ठरावीक मुदतीत प्रशिक्षणात नाव घालावं लागे. मुदत आहे, पैसे मंजूर आहेत, आणि वर्गात खुर्ची नाही, अशी त्यांची कोंडी. माझ्या शेजारी बसणारे एक गृहस्थ वीसेक वर्षं तिथे असेंब्ली लाइनवर होते. पहिल्या परीक्षेत त्यांना कमी गुण पडले तेव्हा ते वही मिटून म्हणाले, 'हात शहाणे आहेत, डोकं गंजलंय.' आम्ही चौघं जण मग दर रविवारी ग्रंथालयात जमायला लागलो. जर्नल एंट्री मी समजावायची, इंग्रजी निबंध दुसरी मुलगी तपासायची, आणि ते आम्हाला सांगायचे की खऱ्या कारखान्यात माल साठवायचा खर्च म्हणजे काय असतो. कॉस्ट अकाउंटिंगमधलं 'जस्ट इन टाइम' हे प्रकरण मला त्यांच्यामुळे कळलं, ते तर रोज त्यातच जगले होते. असा गट लवकर जमवा. एकटीने घरी बसून हे झालं नसतं.

२००९ च्या नोव्हेंबरात युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने ३२ टक्के फीवाढ मंजूर केली. स्टेट युनिव्हर्सिटीने २०१० च्या वसंत सत्राचे प्रवेश बंद ठेवले. तिथे जाऊ शकली असती अशी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं मग आमच्या कॉलेजात आली. वरच्या मजल्यावरचा दाब असा खाली येत गेला, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर नव्याने येणारा, कमी शिकलेला माणूस होता. त्याला ढकलायला आणखी खालचं दार नव्हतं. याचं मला फार वाईट वाटायचं, कारण एका अर्थी मीही त्या गर्दीत होते, हातात एक डिग्री असलेली. काउन्सेलरशी एकदा हे बोलले. ती म्हणाली, 'तुमचे विषय वरच्या पातळीचे आहेत, सुरुवातीच्या वर्गात तुम्ही कुणाची खुर्ची घेत नाही आहात. आराखड्याबाहेरचे वर्ग उगाच धरून ठेवू नका, एवढं पाळा.' ते मी पाळलं. जागा नक्की होईपर्यंत चार-चार वर्गांत नाव घालून ठेवायचं आणि शेवटी सोडायचं, असं पुष्कळ जण करतात. नको असलेला वर्ग त्याच दिवशी सोडून द्या. तुमच्या मागे कुणीतरी अकराव्या नंबरवर आहे.

वसंत २०१० मध्ये माझी नावनोंदणीची वेळ आधी आली, कारण आता मी जुनी विद्यार्थिनी होते. कराचा वर्ग मिळाला. उन्हाळ्याचं सत्र जवळजवळ रद्दच झालं, तेव्हा घरी बसून पुढच्या विषयाचं वाचन केलं. ऑडिटचा वर्ग कॉलेज वर्षातून एकदाच ठेवत होतं आणि २०१० च्या शरदात तो विद्यार्थी कमी म्हणून नव्हे, शिक्षकाचे पैसे नाहीत म्हणून निघालाच नाही. तो मी चाळीस मिनिटांवरच्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजात केला. एकाच वेळी दोन कॉलेजांत शिकता येतं, बोर्डाला फक्त दोन्हीकडची ट्रान्सक्रिप्ट लागतात. माझ्या आराखड्यातली चार सत्रं अशी लांबत गेली.

खर्चात फीपेक्षा पुस्तकं भारी पडली. इंटरमीडिएट अकाउंटिंगचं नवं पुस्तक दीडशे डॉलरच्या वर होतं, वर्गाच्या फीहून महाग. ग्रंथालयात राखीव प्रत असते, दोन तास तिथेच बसून वाचायला मिळते. मागची आवृत्ती जुन्या बाजारात फार स्वस्त मिळते, शिक्षकाला विचारलं तर बहुतेक चालते म्हणतात, फक्त कराच्या विषयाला ती घेऊ नका, कारण कायदे दरवर्षी बदलतात. पार्किंग, आरोग्य शुल्क वेगळं. भरलेल्या फीवर आयकरात लाइफटाइम लर्निंग क्रेडिट मिळतं, खर्चाच्या २० टक्के. कॉलेजकडून येणारा १०९८-टी फॉर्म जपून ठेवा.

घरचं सांगायचं तर, नवऱ्याच्या कंपनीतही कपात चालू होती आणि आम्ही दोघं त्याबद्दल बोलायचं टाळत होतो. संध्याकाळचा स्वयंपाक त्याने उचलला. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. पहिल्या आठवड्यात त्या म्हणाल्या, 'या वयात दप्तर घेऊन निघालीस!' आणि मग मी रात्री दहाला येईपर्यंत वरणभात गरम ठेवून जाग्या राहायच्या. मुलाला गृहपाठ करायला माझ्या शेजारी बसायला आवडायला लागलं. वाईट दिवसही खूप होते. मुलाखतीला बोलावणं यायचं नाही, भत्त्याच्या मुदतवाढीचा निर्णय वॉशिंग्टनमध्ये अडकायचा, आणि मी इथे काँट्रा अकाउंट शिकतेय, याला काही अर्थ आहे का, असं वाटायचं. वर्गात गेलं की ते दोन-तीन तास तरी थांबायचं.

२०११ च्या जानेवारीत एका कर भरून देणाऱ्या कार्यालयात एप्रिलपर्यंतचं हंगामी काम मिळालं. पगार आधीच्या निम्मा, पण करविषयक वर्ग झाला होता म्हणूनच मिळालं. त्या शरदात एका छोट्या हिशेब कार्यालयात कायम झाले.

सगळी युनिटं भरल्यावर बोर्डाकडे अर्ज केला. दोन्ही कॉलेजांची ट्रान्सक्रिप्ट थेट त्यांच्याकडे जावी लागतात, मूल्यमापन अहवालही संस्थेकडून थेट. उत्तर यायला दोनेक महिने लागले. परीक्षेचे चार भाग, प्रत्येकी ७५ गुण लागतात, आणि तेव्हा पहिला भाग सुटल्यापासून अठरा महिन्यांत उरलेले तीन सुटावे लागत, नाहीतर पहिला बाद होई. प्रत्येक तिमाहीत दोन महिने परीक्षा असे, तिसरा महिना बंद. जानेवारी २०११ पासून स्वरूप बदललं होतं, आंतरराष्ट्रीय लेखामानकं आली होती, तेव्हा जुनी पुस्तकं या परीक्षेसाठी चालत नव्हती. मी सगळ्यांत मोठा भाग, फायनान्शियल अकाउंटिंगचा, आधी दिला, वर्गातलं डोक्यात ताजं होतं म्हणून. परवान्यासाठी कामाचा अनुभवही लागतो, तेव्हा १५० युनिटं असलेल्यांना एक वर्षाचा, नसलेल्यांना दोन वर्षांचा; तो मी जमवत होते. तेव्हा घाई करायला कारण होतं: १ जानेवारी २०१४ पासून परवान्याला सगळ्यांनाच १५० युनिटं लागणार होती.

फीचं सांगायचं राहिलं. २००९ मध्ये २६ झालेली फी २०११ च्या शरदात ३६ झाली आणि २०१२ च्या उन्हाळ्यात ४६. इतर राज्यांच्या मानाने अजूनही कमीच, पण तीन वर्षांपूर्वीच्या २० डॉलरच्या दुपटीहून जास्त. २०१२ च्या जानेवारीत राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या नियामक मंडळाने विद्यार्थी यशासाठीच्या कृतिगटाच्या शिफारशी मान्य केल्या. आराखडा असलेल्या आणि नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना पुढे अग्रक्रम मिळणार होता, शंभराच्या वर युनिटं झालेल्यांचा जाणार होता. नव्या मुलांना आधी आत घेणं मला योग्य वाटतं, माझ्यासारख्या डिग्रीवाल्यांना थोडं थांबावं लागलं तरी. मात्र खुर्च्या तेवढ्याच ठेवून फक्त रांगेचा क्रम बदलला तर कुणीतरी बाहेर राहणारच.

२०१२ च्या नोव्हेंबरात राज्यात प्रपोझिशन ३० या प्रस्तावावर मतदान होतं. विक्रीकरात पाव टक्का आणि वर्षाला अडीच लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांच्या आयकरात वाढ करून शाळा-कॉलेजांची कपात थांबवायची, असा तो प्रस्ताव होता. आमच्या कॉलेजने वसंत सत्राची दोन वेळापत्रकं तयार ठेवली होती, एक तो मंजूर झाला तर, दुसरं नाही झाला तर. दुसऱ्यात ऑडिटचा वर्ग नव्हता. मला तेव्हा मताधिकार नव्हता.